आंदोंगच्या एका सुनेचं घर: जपानी राजवटीत कोरियातलं एक कुटुंब कसं लढलं

१९३४ साली कोरियातल्या उत्तर ग्योंगसांग प्रांताच्या जपानी पोलिसांनी स्वतःच्या वापरासाठी एक जाडजूड दफ्तर छापून घेतलं. राजवटीविरुद्ध कोण आहे, कुणाचे कुणाशी लागेबांधे आहेत, याची ती जंत्री. तिच्यात आंदोंगच्या एका बाईबद्दल दोनचार ओळी आहेत. 'कै. ई जुंग-ऑप यांची पत्नी' एवढीच तिची ओळख. १९१९ च्या गडबडीत लष्करी तुकडीने तिला चौकशीसाठी नेलं, त्या चौकशीत तिची दृष्टी गेली, पुढे दहा-अकरा वर्षं हाल काढून ती १९२९ मध्ये वारली. जपानबद्दलची चीड रात्रंदिवस मनातून जात नाही, असं तिचा मुलगा त्यामुळे बोलून दाखवतो. पोलिसांनी हे काही कळवळ्याने लिहिलेलं नाही. मुलावर नजर का ठेवायची, याचं कारण म्हणून लिहिलंय.

त्या बाईचं नाव किम राक. तिच्या सासरी, माहेरी, बहिणीच्या घरी आणि लेकीच्या घरी पस्तीस वर्षांत जे घडलं ते नीट पाहिलं, तर परकी सत्ता आली की घर कसं लढतं हे उलगडत जातं. 'स्वातंत्र्यसैनिक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकटा माणूस येतो, हातात पिस्तूल किंवा गळ्यात फास. इथे लढलं ते आख्खं गणगोत, आणि प्रत्येकाच्या वाट्याला वेगळं काम आलं.

आधी नात्यांची उकल करून घेऊ. कोरियात आडनाव आधी येतं, आणि लग्नानंतरही बाई माहेरचंच आडनाव लावते. त्यामुळे नुसती नावं वाचून कोण कुणाचं हे कळत नाही. किम राक १८६२ साली आंदोंगजवळच्या नेआप गावी किम घराण्यात जन्मली, भावंडांत शेंडेफळ. तिचा थोरला भाऊ किम दे-राक. मोठी बहीण किम उ-राक हिचं लग्न आंदोंगच्या ई सांग-र्योंग यांच्याशी झालं. राकचं स्वतःचं सासर आंदोंगजवळच्याच येआनच्या ई घराण्यातलं. सासरे ई मान-दो, नवरा ई जुंग-ऑप. हे घराणं म्हणजे सोळाव्या शतकातला थोर विद्वान थ्वेगे याची वंशावळ. थ्वेगेचं चित्र आजही दक्षिण कोरियाच्या हजार वॉनच्या नोटेवर आहे. राकची मोठी लेक दिली ती किम योंग-ह्वान या तरुणाला, तोही जुन्या विद्वान घराण्याचा थोरल्या पातीचा वारस.

थोरली पाती म्हणजे काय, हे इथे समजून घ्यायलाच हवं. या घराण्यांत थोरल्या मुलाचा थोरला मुलगा वाडा सांभाळायचा, जमीन सांभाळायचा आणि पूर्वजांचे वार्षिक विधी करायचा. तो साऱ्या भाऊबंदांचा विश्वस्त. त्याने वाडा सोडणं किंवा जमीन विकणं म्हणजे शेकडो माणसांचं मूळ उपटणं. पुढे हीच माणसं काय काय विकून बसली ते पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता जपानने काय केलं ते. १९०५ च्या तहाने कोरियाचं परराष्ट्र धोरण जपानच्या हाती गेलं, १९०७ मध्ये राजा कोजोंगला गादी सोडायला लावली आणि कोरियन सैन्य बरखास्त केलं. २२ ऑगस्ट १९१० ला विलीनीकरणाचा करार झाला, २९ तारखेला तो जाहीर झाला. देशच नकाशावरून गेला. पहिली दहा वर्षं कारभार लष्करी पोलिसांच्या हाती होता. शाळामास्तरसुद्धा कमरेला तलवार लावून वर्गात येत. १९१२ मध्ये फटक्यांच्या शिक्षेचा हुकूम निघाला, तो फक्त कोरियन लोकांसाठी. सभा, संघटना, वर्तमानपत्रं, सगळ्यांवर टाच आली.

ही बातमी येआनला पोचली तेव्हा ई मान-दो ६८ वर्षांचे होते. १८६६ साली राजाच्या परीक्षेत ते पहिले आले होते, दरबारात मोठ्या हुद्द्यांवर होते. १८९५ मध्ये जपान्यांनी राजवाड्यात घुसून राणीचा खून केला आणि पाठोपाठ पुरुषांनी डोक्यावरचा केसांचा बुचडा कापावा असा हुकूम निघाला, तेव्हा या पंडिताने येआनमध्ये लोकांची फौज उभारली होती. १९०५ मध्ये तहावर सह्या करणाऱ्या मंत्र्यांना देहांत शासन द्या म्हणून राजाला अर्ज लिहिला होता. १९१० मध्ये अर्ज लिहायला राजाच उरला नव्हता.

त्यांनी अन्न सोडलं. एका नातेवाइकाच्या घरी ते जाऊन राहिले आणि तिथे २४ दिवस काढले. त्या दिवसांची रोजनिशी ठेवली गेली. शिष्य येत, भाऊबंद येत, नातवंडं येत, आणि ते प्रत्येकाशी बोलत. जपानी पोलीसही आले. बळजबरीने पेज भरवू, अशी धमकी त्यांनी दिली. म्हाताऱ्याने त्यांना खडसावून परत लावलं. १० ऑक्टोबर १९१० ला ते गेले. त्यांच्याच घराण्यातले ई जुंग-ऑन यांनीही मग अन्न सोडलं आणि २७ दिवसांनी प्राण सोडला.

याने राजवटीचं काय बिघडलं, असं कुणी विचारील. या पंडितांच्या विचारात विद्या आणि वागणं वेगळं नव्हतं. ज्या राजाचं अन्न खाल्लं त्याचं राज्य बुडत असताना आपण जेवत राहणं, हे त्यांना आपण शिकवलेल्या प्रत्येक ओळीच्या विरुद्ध वाटत होतं. पोलीस पेज घेऊन धावले, यावरूनच कळतं की या मरणाची किंमत त्यांनाही ठाऊक होती. गावच्या सर्वांत मानाच्या माणसाने विलीनीकरणाला मान्यता दिली नाही, हे आता पुसता येणार नव्हतं. मला या सगळ्यात त्या घरच्या सुनेचा विचार सोडवत नाही. सासऱ्यांपुढे वेळेवर पान मांडणं हा तिच्या आयुष्याचा क्रम, आणि आता पान मांडायचंच नाही, हीच त्यांची आज्ञा.

माहेरी वेगळाच विचार चालला होता. भाऊ किम दे-राक जुन्या वळणाचा पंडित. गावात १९०७ साली ह्योपदोंग नावाची नव्या पद्धतीची शाळा निघाली, तेव्हा त्याने कडाडून विरोध केला होता. दोनेक वर्षांत त्याचं मत पालटलं, इतकं की स्वतःचं राहतं घरच त्याने शाळेला देऊन टाकलं. हा बदल सोपा नव्हता. १९१० च्या जुलैमध्ये याच शाळेवर जपानविरोधी बंडखोरांनीच हल्ला केला, कारण शाळेतल्यांनी बुचडे कापले होते. शाळेतले तिघे मारले गेले. जुनं जपून लढायचं की नवं शिकून, हा वाद कोरियन समाजात रक्त सांडेपर्यंत गेला होता, आणि तो या बाईच्या सासर-माहेरातही होताच.

१९१० च्या डिसेंबरात, ६५ वर्षांच्या दे-राकने घरदार आवरलं आणि कुटुंबकबिल्यासह मांचुरियाची वाट धरली. यालू नदीपलीकडचा हा चीनचा मुलूख, जपानच्या हुकमतीबाहेरचा. बरोबरच्या बायकांत त्याची नातसून आणि नात दोघी दिवस भरत आलेल्या. कडाक्याच्या थंडीत, बर्फावरून, अशा अवस्थेतल्या मुलींना कुणी नेतं का? पण त्याचा हट्ट होता की पणतवंडांनी जपानच्या राज्यात जन्माला येऊ नये. ती पलीकडेच जन्मली. एका बाळाचं नाव त्याने 'चीनच्या भूमीत जन्मल्याचा आनंद' अशा अर्थाचं ठेवलं, दुसऱ्याचं प्राचीन कोगुर्यो राज्याचा संस्थापक जुमोंग याच्यावरून, कारण ती भूमी एकेकाळी जुमोंगची होती. नेआपसारख्या गावातून पुढे सुमारे १५० माणसं गेली.

मागोमाग १९११ च्या जानेवारीत बहीण उ-राक आणि तिचे यजमान ई सांग-र्योंग निघाले. यांचा इमचोंगाक हा वाडा १५१९ साली बांधलेला, ९९ खणांचा. निघण्यापूर्वी सांग-र्योंगनी पूर्वजांच्या नावाच्या लाकडी पाट्या, ज्यांच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या विधी होत आले होते, त्या जमिनीत पुरल्या. वाड्यावर राबणाऱ्या दासांना मोकळं केलं आणि त्यांचे कागद जाळले. गुलामगिरी कायद्याने १८९४ मध्येच संपली होती, तरी या वाड्यांतून माणसं तशीच राबत होती, हेही सांगायला हवं. देशाच्या गुलामीने या उमरावाला आपल्या दारातली गुलामी दिसली. उशिरा दिसली, पण दिसली.

मांचुरियात त्यांची गाठ सोलहून आलेल्या आणखी एका घराण्याशी पडली. ई ह्वे-योंग आणि त्याचे पाच भाऊ, सहाही जण सगळी मालमत्ता फुंकून आले होते. या सर्वांनी मिळून १९११ साली आधी वसाहतीची संस्था काढली, सांग-र्योंग तिचे पहिले अध्यक्ष, आणि मक्याच्या कोठारात एक शाळा सुरू केली. तीच पुढे शिनहुंग सैनिकी शाळा म्हणून ओळखली गेली. नाव मुद्दाम साधं, 'प्रशिक्षण वर्ग' असं ठेवलं होतं, म्हणजे स्थानिक चिनी लोकांना धास्ती वाटू नये. १९२० मध्ये ती बंद पडेपर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास तरुण तिथून शिकून बाहेर पडले. १९२० च्या ऑक्टोबरात छोंगसान-रीच्या डोंगरांत जपानी सैन्याशी जी मोठी लढाई झाली, तिच्यात या शाळेत तयार झालेले अधिकारी होते.

शाळेचा हा इतिहास पुस्तकांत सापडतो. त्या शाळेला खाऊ कुणी घातलं, हे फार कमी ठिकाणी सापडतं. पहिली सालं पिकं बुडाली, परक्या पाण्याने माणसं आजारी पडली, लहान मुलं दगावली. अशात आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला जेवू घालायचं, रात्री गणवेश शिवायचे, जपानी हेर येतील म्हणून पुन्हा बिऱ्हाड हलवायचं, हे सगळं बायकांनी केलं. उ-राक तिथे गेली तेव्हा ५७ वर्षांची होती. तिने त्या स्थलांतराचं वर्णन कोरियन लिपीत, बायका गात तशा लांबलचक पद्यात लिहून ठेवलं. तिची नातसून हो उन हिने म्हातारपणी आपल्या आठवणी सांगितल्या, म्हणून तरी त्या स्वयंपाकघराचा आणि शिवणकामाचा हिशोब आपल्यापर्यंत आला.

आता पुन्हा येआनला येऊ, जिथे राक मागे राहिली होती. मागे राहणं म्हणजे गप्प बसणं नव्हतं. घराण्याची कामं सांभाळायची, पोलिसांची नजर सोसायची आणि पलीकडे गेलेल्यांना पैसा पुरवायचा. नवरा ई जुंग-ऑप वेगळ्याच कामात होता. पहिलं महायुद्ध संपलं होतं आणि १९१९ मध्ये पॅरिसला शांतता परिषद भरली होती. कोरियाच्या कन्फ्युशियन पंडितांनी तिथे स्वातंत्र्याची मागणी पाठवायचं ठरवलं, १३७ जणांनी सह्या केल्या. गावोगाव फिरून मनं वळवणाऱ्यांत जुंग-ऑप होता. किम छांग-सुक हा पंडित ते पत्र घेऊन शांघायला गेला, आणि सांगतात की कागदाला पीळ घालून तो गवती चपलांत विणून सीमेपार नेला. (त्याच १९१९ साली लोकमान्य टिळकांनीही लंडनहून परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाबद्दल पत्र लिहिलं होतं. टिळकांना पॅरिसला जाण्याचा परवाना मिळाला नाही. कोरियाचा प्रश्न परिषदेत चर्चेलाच आला नाही. जपान जिंकलेल्यांच्या बाजूने होता, तसंच ब्रिटनही.) जुंग-ऑप पुन्हा अशाच पत्राच्या खटपटीत असताना १९२१ मध्ये आजाराने गेला.

१ मार्च १९१९ ला सोलमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि काही दिवसांत देशभर बाजारादिवशी निदर्शनं सुरू झाली. बाजाराचा दिवसच का, तर त्या दिवशी माणसं जमली तर संशय येत नाही, आणि घोषणा आजूबाजूच्या साऱ्या गावांत पोचते. येआनच्या बाजारात १७ मार्चला लोक उठले, पुन्हा २२ ला. राक त्या निदर्शनांत उतरली. मोठ्या घरची, पन्नाशी ओलांडलेली सून. अशा घरच्या बायका एरवी बाजारात पाऊलही ठेवत नसत. तिला पकडलं, आणि पुढचं पोलिसांच्याच दफ्तरात आहे. दोन्ही डोळे गेले. त्यानंतर तिने नवऱ्याचं मरण अंधारात सोसलं, मुलाची अटक अंधारात ऐकली. थोरला ई दोंग-हुम त्याआधीच, १९१५ मध्ये निघालेल्या ग्वांगबोक-ह्वे या गुप्त संघटनेसाठी पैसा उभा करताना सापडला होता. धाकटा ई जोंग-हुम, १९२५-२६ मध्ये किम छांग-सुकने मांडलेल्या नव्या निधीसंकलनात धरला गेला.

राहिला जावई. या साऱ्या गोतावळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटतो तो हा किम योंग-ह्वान. लहानपणी त्याने पाहिलं होतं की बंडखोराला आसरा दिला म्हणून आपल्या आजोबांना, साऱ्या परिसराला वंद्य असलेल्या पंडिताला, सैनिकांनी अंगणात गुडघ्यांवर बसवलंय. मोठा झाल्यावर त्याने पैसा जमवण्याच्या कामात भाग घेतला, अटक झाली. उघड काही करणं अशक्य होत गेलं. मग तो जुगारी झाला. आंदोंगमधला नामांकित जुगारी. फड बसला की हा तिथे हजर. रात्रभर खेळायचा, आणि पहाटे शेवटचा मोठा डाव लावायचा. जिंकला तर ठीक. हरला तर 'पहाटेचा दंडुका!' अशी आरोळी ठोकायची, की दबा धरून बसलेली त्याची माणसं आत घुसून सगळा पैसा उचलणार, अशा गोष्टी आंदोंगमध्ये अजून सांगतात. घराण्याची दीडशे एकरांच्या आसपास जमीन त्याने अशी 'उडवली'. वाडाही विकला. भाऊबंदांनी पैसे जमवून तो सोडवला, आणि त्याला शिव्या घातल्या.

त्याच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं. सासरच्यांनी कपाट करायला पैसे पाठवले. तेही बापाने नेले. मुलगी घरातलं जुनं कपाट घेऊन सासरी गेली, आणि तिथे तिला काय ऐकावं लागलं असेल ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तो पैसा मांचुरियाला जात होता. घरबुडव्याच्या पैशाचा माग पोलीस काढत नाहीत, हे त्याचं गणित. पण ते जमायला बायको, मुलगी, भाऊबंद, सगळ्यांनी त्याला घरबुडव्या मानणं भाग होतं. म्हणून त्याने घरातही सांगितलं नाही. स्वातंत्र्यानंतर, १९४६ मध्ये तो मरायला टेकला तेव्हा एक जुना सोबती म्हणाला, आता तरी सांग. पंडिताने करायचं तेच केलं, त्यात सांगायचं काय, असं म्हणून तो गेला. १९९५ मध्ये त्याला मरणोत्तर सन्मान मिळाला, तो मुलीने स्वीकारला. तिने मग आपल्या 'आबां'वर कविता लिहिली.

१९३० नंतर दाब आणखी वाढला. शाळांतून कोरियन भाषा आधी ऐच्छिक झाली, मग गेलीच. १९४० मध्ये कोरियन कुटुंबांनी जपानी धर्तीची नावं घ्यावीत हा हुकूम अमलात आला, आणि नोकरी, शाळा, शिधा सगळंच त्याला जोडल्यावर बहुतेकांनी मान तुकवली. ज्या समाजात वंशावळ हाच माणसाचा पत्ता, तिथे याचा घाव किती खोल गेला असेल! सांग-र्योंग १९२५ मध्ये परागंदा कोरियन सरकारचे प्रमुख झाले होते. १९३२ मध्ये ते परमुलखातच वारले. त्यांचा मुलगा ई जुन-ह्योंग, म्हणजे राकचा भाचा, आंदोंगला परतला आणि १९४२ मध्ये त्याने जीव दिला. जपानखाली आणखी एक दिवस जगणं म्हणजे लाजेत एका दिवसाची भर, अशा आशयाची चिठ्ठी त्याने ठेवली. त्याच वर्षी पुऱ्या झालेल्या रेल्वेमार्गासाठी इमचोंगाकचे पन्नासहून जास्त खण पाडले गेले, आणि अंगणातून गाड्या धावू लागल्या. हा मार्ग मुद्दाम वाड्यावरून वळवला, असं आंदोंगमध्ये ठामपणे मानतात. त्या गाड्या थांबल्या २०२० च्या डिसेंबरात.

या घराण्याने जपानला हाकललं का? नाही. जपान १९४५ मध्ये महायुद्धात हरला म्हणून गेला. मात्र विलीनीकरण कोरियन लोकांनी राजीखुशीने स्वीकारलं, असं म्हणायला राजवटीला एकही दिवस मिळाला नाही, कारण कुठल्या ना कुठल्या घरात कुणी ना कुणी नाही म्हणत होतं. मांचुरियातल्या शाळेने सैनिक दिले, परागंदा सरकारने पुढच्या राज्यघटनेला वारसा दिला. आणि त्याची किंमत तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत वसूल झाली. सांग-र्योंग यांच्या पणतवंडांवर काही काळ अनाथाश्रमात राहायची वेळ आली.

किम राकला देशाने २००१ मध्ये सन्मान दिला. तोही मिळाला, कारण पोलिसांच्या त्या दफ्तरात चार ओळी होत्या. सन्मानासाठी कागद लागतो, आणि कागद बहुधा अटकेचा किंवा खटल्याचा असतो. जी बाई पकडली गेली नाही, जिने वीस वर्षं फक्त भात शिजवला, गणवेश शिवले आणि रातोरात बिऱ्हाडं बांधली, तिच्या नावे कागद कुठून असणार? हो उनला २०१८ साली मानलं गेलं, उ-राकला २०१९ साली, तिच्या मृत्यूनंतर ८६ वर्षांनी. दे-राकबरोबर बर्फ तुडवत गेलेल्या त्या दोन गरोदर मुली मात्र बहुतेक नोंदींत अजूनही 'नात' आणि 'नातसून' एवढ्याच आहेत.